कॉलेजच्या नावामागचा माणूस

नागपुरात शिकता म्हणजे ‘हिस्लॉप’ हा शब्द तुम्ही शेकडो वेळा तरी उच्चारला असेल. ॲडमिशनच्या दिवसांत, युवा महोत्सवात, नाहीतर सिव्हिल लाइन्समधला एखादा पत्ता सांगताना. पण हे एका माणसाचं आडनाव आहे आणि तो माणूस याच शहराच्या मातीत पुरलेला आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि हा माणूस स्वतः वर्षानुवर्षं नागपूरभोवतीच्या जमिनीत काय काय पुरलेलं आहे, हेच शोधत फिरत होता!

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली. पुढे १८४५ मध्ये हिस्लॉप नागपुरात आले, तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. हिस्लॉप मिशनरी होते. धर्मप्रसार हेच त्यांचं काम होतं, हे झाकायचं काही कारण नाही. त्यामुळे शहरात त्यांना विरोधही झाला. पण १८४६ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली आणि इथल्या मुलांना शिकवू लागले.

शाळेतून वेळ मिळाला की हे गृहस्थ दगड गोळा करायचे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्यांनी टाकळीचा परिसर पालथा घातला. आज पोलीस लाइन टाकळी म्हणून तुम्ही ओळखता, तोच हा भाग. तिथे काळ्या खडकाच्या दोन थरांच्या मधे त्यांना शंख, बिया आणि लाकडाचे जीवाश्म सापडले. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडं वाढली, जीव जगले. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं गाडलं गेलं. ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. चंद्रपूरकडच्या मांगलीत मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली. तिचं शास्त्रीय नाव ठेवलं रिचर्ड ओवेन यांनी. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ते हेच! पुढे नागपूरजवळच्या एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट हे नावही मिळालं.

दगडांइतकाच त्यांना माणसांचा नाद होता. हिवाळ्यात ते गोंड वस्त्यांवर जायचे, शब्द आणि चालीरीती टिपायचे. लिंगोची गोंडी गाथा त्यांनी एका परधानाकडून ऐकून लिहून घेतली. पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेली ती गाथा अशी कागदावर उतरली.

आता येऊ या शिळावर्तुळांकडे. नागपूर जिल्ह्यात माळरानावर मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. जुन्या काळी गुरांसाठी केलेलं काहीतरी असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. पण त्या कबरी आहेत! साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या. खाली मडकी सापडतात, लोखंडी अवजारं सापडतात. माहुरझरीला तर घोड्यांचे अवशेष आणि त्यांना घातलेले तांब्याचे दागिनेही मिळाले आहेत. म्हणजे नागपूरच्या परिसरातली सगळ्यात जुनी स्मशानं हीच.

बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला अशीच वर्तुळं होती. सप्टेंबर १८६३ मध्ये हिस्लॉप ती बघायला गेले. सोबत मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल होते. परतताना हिस्लॉप मागे राहिले. पावसानं नाला फुगला होता. त्यांचा घोडा एकटाच छावणीवर आला, तेव्हा सगळ्यांच्या काळजात धस्स झालं. हिस्लॉप नाल्यात बुडाले होते. तारीख होती ४ सप्टेंबर. चार दिवसांनी ते ४६ वर्षांचे झाले असते.

त्यांना नागपुरातच पुरण्यात आलं. त्यांचे अर्धवट कागद टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. लिंगोची गाथा त्यामुळेच वाचली. कॉलेज १८८३ मध्ये निघालं, म्हणजे मृत्यूनंतर वीस वर्षांनी. स्वतःच्या नावाचं कॉलेज त्यांनी पाहिलंच नाही.

एक प्रश्न तुम्हाला पडेल आणि तो पडायलाच हवा. दुसऱ्यांच्या कबरी उकरणं बरोबर होतं का? आजच्या उत्खननात एकेका थराची आणि वस्तूची नोंद होते. नागपूर विद्यापीठानं शां. भा. देव यांच्या नेतृत्वात १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा इथे असंच शिस्तीत काम केलं. हिस्लॉपच्या काळी ही शिस्त नव्हती. पण त्या दगडांपाशी थांबून बघणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते, हेही खरं.

कब्रस्तान, दफनभूमी, छत्र्या, शिळावर्तुळं म्हणजे शहराची हजेरीच असते. कोण कुठून आलं, किती वर्षं जगलं, कुणासोबत राहिलं, हे तिथे कळतं. शुक्रवारी तलावाजवळ भोसल्यांच्या छत्र्या आहेत, सीताबर्डीच्या किल्ल्यात इंग्रज सैनिकांच्या कबरी आहेत. त्यांची नावं कुठे ना कुठे लिहिलेली आहेत. वर्तुळांखालच्या माणसांना मात्र नावच नाही. त्यांच्याकडे फक्त दगड आहेत. शेत नांगरताना, मुरूम काढताना, लेआउट पाडताना तेच पहिले हलतात. एकदा वर्तुळ मोडलं की कुणाचंही नाव सांगणारं तिथे काही उरत नाही.

म्हणून एखाद्या रविवारी काटोल रोडनं जुनापाणीला जाऊन या. तिथली सुमारे ३०० वर्तुळं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. फोटो काढा, रील बनवा. फक्त दगडांवर चढू नका आणि एकही जागचा हलवू नका. खाली कुणीतरी झोपलेलं आहे.