परदेशातील पेरणी : डॉ. पांडुरंग खानखोजे

(गुरुपौर्णिमा विशेष)

आषाढ लागला, की परिव्राजक संन्याशाची भ्रमंती थांबते. वाटेवरचे कोवळे अंकुर व जीवजंतू पायाखाली चिरडू नयेत म्हणून तो एका ठिकाणी राहतो, आणि ज्या गावाने आसरा दिला त्या गावाला आपल्याजवळची विद्या देतो. चातुर्मासाचा आरंभ आणि गुरुपौर्णिमा एकाच पक्षात याव्यात, यात आम्हांला मोठे औचित्य वाटते.

एके वर्षी मृगाच्या सरी कोसळत असता नागपूरच्या सदर भागात आमचे कीर्तन होते. कीर्तन आटोपल्यावर यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी आम्हांस गाठले. त्यांचा मुलगा परदेशी विद्यालयात अध्यापक. त्याची सारी विद्या परक्यांच्याच कामी आली, तर जन्मभूमीचे ऋण फिटले कसे म्हणावे, हा त्यांचा प्रश्न. आम्ही वचने न सांगता, नागपुरातच ज्यांनी देह ठेवला अशा एका पुरुषाचे चरित्र त्यांना ऐकविले.

पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. शिक्षण नागपुरास होत असतानाच स्वातंत्र्याच्या ध्यासाने त्यांना झपाटले. सैनिकी विद्या शिकावी या हेतूने, लोकमान्य टिळकांच्या सल्ल्यावरून, त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी देश सोडला. जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे सैनिकी शिक्षणाबरोबर शेतकीचेही अध्ययन केले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढले. तो उठाव फसला आणि इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असलेल्या या पुत्राला उजळ माथ्याने घरी येण्याची वाट बंद झाली.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले, आणि शस्त्र घेऊन निघालेल्या हातांनी बियाणे धरले. तिकडच्या पठारावरही पाऊस मे-जूनच्या सुमारास सुरू होतो. १५ मे रोजी तेथील शेतकरी संत इसिद्रोच्या सणाला बैल सजवितात. आपल्या पोळ्याची आठवण व्हावी. मका हे त्यांचे अन्नब्रह्म. त्या भूखंडातील माया लोकांच्या पुराणकथेत तर देवांनी मनुष्य मक्याच्या पिठापासूनच घडविला आहे. खानखोजे यांनी या मक्यावरच आपली विद्या वेचली. तेओसिंते नावाच्या रानटी गवताशी संकर करून त्यांनी मक्याचा नवा वाण सिद्ध केला. गव्हावरही संशोधन केले.

परंतु प्रयोगशाळेत फुललेले ज्ञान गरिबाच्या बांधावर गेले नाही, तर ते वांझच. म्हणून १९२८ च्या सुमारास त्यांनी मुक्त कृषिशाळांची चळवळ आरंभिली. निर्धन शेतकरी तेथे विनामूल्य शिके. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी एका भित्तिचित्रात, सर्वांस भाकरी वाटणारा पुरुष म्हणून, त्यांची प्रतिमा रेखाटली.

राज्य बदलले, तरी ती काळी यादी काही काळ आड आलीच. अखेर १९४९ मध्ये ते स्वदेशी आले व १९५० च्या दशकाच्या मध्यास नागपुरी स्थायिक झाले. तेथेच १९६७ मध्ये त्यांनी देह ठेवला. तारुण्यातले पावसाळे मात्र परक्या आकाशाखाली सरले, ते परत आले नाहीत. ही व्यथा खरी आहे. ती झाकून चरित्र सांगणे म्हणजे श्रोत्यांची फसवणूक होय.

तरीही शास्त्र सांगते, की देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने. शिष्य कोणत्या देशीचा, हे ऋषी विचारीत नाहीत. तो भुकेला आहे काय, एवढेच पाहतात. मेघ शेताचा सातबारा पाहून बरसत नाही. दूरदेशी शिकविणारा पुत्र जर निष्ठेने शिकवीत असेल, तर तो ऋण बुडवीत नाही, फेडीतच असतो. घरच्यांच्या वाट्याला येतो तो विरह. तोही त्या ज्ञानयज्ञातील आहुतीच समजावा.

मातोश्री काही बोलल्या नाहीत. मात्र त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेस त्यांनी नैवेद्याशेजारी एक पान अधिक वाढले, असे यजमानांकडून आम्हांस पुढे कळले.