पॅप टेस्टमधला ‘पॅप’

गेल्या वर्षी मंडळाच्या पिकनिकला आम्हा बायकांच्या गप्पा गुडघे, साखर, कोलेस्टेरॉल करत करत डॉक्टरी तपासण्यांवर आल्या. तेव्हा एका मैत्रिणीनं मला विचारलं, की पॅप टेस्टमधलं पॅप हे कशाचं लघुरूप? मी न्यू जर्सीतल्या एका लॅबमध्ये २६ वर्षं सायटोटेक्नॉलॉजिस्ट होते. म्हणजे दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पॅप टेस्टच्या काचपट्ट्या बघायच्या, हेच माझं काम. मी म्हटलं, अगं, ते लघुरूप नाही, ते एका माणसाचं नाव आहे. आणि तो माणूसही तुमच्या-आमच्यासारखाच परदेशातून इथे आलेला! पण तेवढ्यात जेवणाची हाक आली आणि गोष्ट अर्धीच राहिली. ती आज पूर्ण करते.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १८८३ साली ग्रीसमधल्या युबिया बेटावरच्या किमी या गावी झाला. वडील डॉक्टर. मुलानंही डॉक्टर होऊन गावातला दवाखाना चालवावा, ही त्यांची साधी अपेक्षा. (ओळखीचं वाटतंय ना?) जॉर्ज १९०४ मध्ये अथेन्सहून डॉक्टर झाले खरे, पण त्यांचं मन रमायचं संशोधनात. ते जर्मनीला गेले आणि १९१० साली म्युनिकहून प्राणिशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतले. त्याच वर्षी त्यांनी आंद्रोमाखी मावरोयेनीशी लग्न केलं. घरचे तिला मेरी म्हणत. पुढे बाल्कन युद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून काम करताना त्यांची अमेरिकेहून लढायला आलेल्या ग्रीक तरुणांशी ओळख झाली आणि अमेरिकेचं वेड डोक्यात शिरलं.

ऑक्टोबर १९१३ मध्ये हे जोडपं न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलं. खिशात जेमतेम २५० डॉलर, आणि इंग्रजी येत नाही. एम.डी., पीएच.डी. झालेला हा माणूस गिंबेल्सच्या दुकानात गालिचे विकायला उभा राहिला. मेरीबाई त्याच दुकानात आठवड्याला ५ डॉलरवर बटणं शिवायच्या. जॉर्ज कधी हॉटेलात व्हायोलिन वाजवत, कधी ग्रीक वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करत. आपल्यापैकी ज्यांनी इथे आल्यावर डिग्र्या बॅगेत ठेवून पेट्रोल पंपावर रात्रपाळ्या केल्या, त्यांना हे दिवस समजावून सांगायला नकोत.

१९१४ मध्ये त्यांना कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. काम होतं गिनीपिगवर. मादीच्या शरीरात बीज नेमकं कधी तयार होतं, हे तिला न मारता कसं ओळखायचं, असा प्रश्न होता. जॉर्जनी नाक तपासायचं छोटं उपकरण आणून मादीच्या योनीमार्गातला स्राव काढला, काचपट्टीवर पसरला आणि पाहिला. त्यातल्या पेशी दिवसागणिक ठरावीक क्रमानं बदलत होत्या! हे संशोधन १९१७ साली स्टॉकर्ड यांच्याबरोबर प्रसिद्ध झालं.

आता पुढचा प्रश्न: हे माणसात दिसेल का? त्या काळात अशा कामाला कोण बाई तयार होणार? मेरीबाई तयार झाल्या. एक-दोन दिवस नाही, तर वर्षानुवर्षं, सुमारे २१ वर्षं, त्या नवऱ्याला स्वतःचे नमुने देत राहिल्या. शिवाय लॅबमध्ये त्याच्याबरोबर बिनपगारी काम. मूल होऊ द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. निरोगी बाईच्या पेशी कशा दिसतात, हे डॉ. पॅप मेरीच्या पेशींवरून शिकले.

आणि निरोगी पेशी पाठ झाल्या, म्हणूनच बिघडलेल्या लगेच खुपल्या. १९२५च्या सुमारास ते इस्पितळातल्या बायकांचे नमुने तपासू लागले. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बाईच्या काचपट्टीवर त्यांना वेड्यावाकड्या, मोठ्या, गडद केंद्रकांच्या पेशी दिसल्या. शस्त्र न लावता कॅन्सर डोळ्यांना दिसत होता. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या एका परिषदेत त्यांनी हे मांडलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशी कशाला बघायच्या, असा सूर होता. (त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचलं होतं, हेही नोंदवायला हवं.)

डॉ. पॅप गप्प बसले, पण काम सोडलं नाही. १९३९ पासून स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या साथीनं त्यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. १९४१ मध्ये निबंध आला, १९४३ मध्ये पुस्तक. लक्षणं नसलेल्या बायकांमध्येही रोग सापडत होता! हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा १०-१५ वर्षं जातात. तेवढ्या काळात कधीही पकडला, तर छोट्या उपचारानं सुटका होते. आता डॉक्टरांना हे पटलं. गेल्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्याहून बरेच खाली आले.

१९५० मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळालं, नोबेल मात्र नाही. १९६१ च्या अखेरीस ते मायामीला नवी संस्था उभारायला गेले आणि तीनच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकारानं वारले. त्यांना आपल्या न्यू जर्सीतच, क्लिंटन गावी पुरलं आहे. मेरीबाई त्यांच्यामागे २० वर्षं जगल्या.

आता माझी गोष्ट. दुसऱ्यांच्या हजारो काचपट्ट्या बघणाऱ्या मी स्वतःची टेस्ट ९ वर्षं केली नव्हती. मुलं, घर, नोकरी, आणि खरं सांगायचं तर संकोच. शेवटी लॅबमधल्या एका सहकारी बाईनं विषय काढला, तेव्हा लाजेकाजेस्तव गेले. रिपोर्ट चांगला नव्हता. कॅन्सर झाला नव्हता, पण वाटेवर होता. छोटीशी शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी घरी आले आणि स्वयंपाकघरात एकटीच रडत बसले. आठवण झाली ती माझ्या आत्याची. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यात ती याच रोगानं गेली. अंगावरून जातंय हे तिनं वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं.

योगायोग बघा, त्याच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं आणि टाटा मेमोरियलनं १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तिथे पॅप टेस्टपेक्षा ही तपासणी सरस ठरली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २००६ पासून लसही आहे. अमेरिकेत मे २०२४ पासून दवाखान्यात आपला नमुना आपणच घेऊन द्यायची सोय मंजूर झाली आहे. म्हणजे संकोचाचीही सबब गेली!

मला वाटतं, डॉ. पॅपना हे आवडलं असतं. त्यांची काचपट्टी मागे पडली तरी चालेल, बाई वाचली पाहिजे.

तर मैत्रिणींनो, फराळाचं आटोपलं की एक फोन करा. आपली शेवटची टेस्ट कधी झाली ते विचारा. आणि भारतातल्या आई, सासूबाई, वहिनी, नणंदेलाही आठवण करा. मेरीबाईंनी २१ वर्षं दिली, आपल्याला पाच मिनिटं द्यायची आहेत.

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!