कै. डॉ. रखमाबाई : न मांडलेला संसार

आपल्या सुतार ज्ञातीतील ज्या एका स्त्रीचे नाव मुंबईपासून लंडनपर्यंतच्या वृत्तपत्रांत गाजले, त्या डॉ. रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणीच निवर्तले. ज्ञातीत पुनर्विवाहाची मोकळीक असल्याने मातोश्री जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन या विद्वान व सुधारणाप्रिय गृहस्थांशी विवाह केला.

परंतु अशा घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षीच लागले! वर दादाजी भिकाजी हे सखाराम अर्जुनांचेच नातलग. त्यांस शिकवून घरीच ठेवावयाचे, असे ठरले होते. पण त्यांचे मन अभ्यासात रमले नाही व ते मामांकडे जाऊन राहिले. रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा सुटली होती. मिशनच्या ग्रंथालयातून येणारी पुस्तके तेवढी सोबतीला. लौकिकात त्या सौभाग्यवती; पण ज्यांच्या नावाचे ते सौभाग्य, त्यांच्याविषयी अंतरी ना प्रीती, ना आदर. मैत्रिणी आपापल्या संसारात रमण्याच्या वयात हे दुःख बोलावे तरी कोणापाशी? १८८५ साली त्यांनी बालविवाहाविरुद्ध ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली, तीही ‘एक हिंदू स्त्री’ या नावाआड.

तत्पूर्वीच, १८८४ साली, पत्नीने नांदावयास यावे म्हणून दादाजींनी मुंबई हायकोर्टात धाव घेतली होती. न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला; अपिलात तो निर्णय फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतिगृही जाण्याचा हुकूम दिला; न गेल्यास सहा महिने कारावास. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. मलबारींसारखे सुधारक पाठीशी उभे राहिले. टिळकांच्या ‘केसरी’ने कडाडून विरोध केला. अखेर जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली.

येथे बहुतेक लेखक विजयाची गुढी उभारून थांबतात. आम्हांस मात्र पुढील वर्षेच अधिक विचार करावयास लावतात. दादाजींनी दुसरा विवाह केला. पुरुषास ती मुभा होतीच. रखमाबाईंनी केला नाही. कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या साहाय्याने त्या १८८९ साली लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. परक्यांची बाळंतपणे करीत, परक्यांची बाळे जगात आणीत त्यांची वर्षे गेली.

१९०४ साली दादाजी वारले. ज्यांच्या घरी एक दिवसही नांदावयाचे नाही म्हणून तुरुंगाची तयारी ठेविली, त्यांच्या निधनानंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले. लोकलज्जेस्तव, की पतीच्या नात्यातून अखेर सुटका झाली म्हणून? आम्ही त्यास शरणागती म्हणू धजत नाही.

सुरतेनंतर त्यांनी राजकोट येथे सेवा केली व निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.