समुद्र नसलेल्या राजाची सागरी लढाई

वायकिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निमुळतं लांब जहाज, वल्ही मारणारे दाढीवाले योद्धे आणि बाणांचा पाऊस. वेबसिरीज बघून हे सगळं आपल्याला पाठ झालंय. पण जहाजांवरून धनुष्यबाणांनी लढलेली लढाई आपल्या कोकण किनाऱ्यावरही झाली होती, बरं का! आणि ती जिंकणारा राजा आपल्या नागपूरकरांसारखाच समुद्रापासून लांब राहणारा होता. त्याचं नाव महादेवराय यादव.

तुम्ही त्याला ओळखत नसाल, पण त्याच्या प्रधानाला नक्की ओळखता. विदर्भात जुनं दगडी देऊळ दिसलं की आपण बिनधास्त ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो ना? तो हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री पंडित, याच महादेवाच्या दरबारात राज्याच्या दफ्तराचा प्रमुख होता.

यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आजचं दौलताबाद. महादेवाचा थोरला भाऊ कृष्णदेव १२६१ च्या सुमारास वारला. त्याचा मुलगा रामचंद्र तेव्हा लहान होता, म्हणून गादीवर काका बसला. हा रामचंद्र लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

महादेवाची नजर कोकणावर गेली. ठाण्याहून राज्य करणाऱ्या शिलाहारांची तिथे साडेचारशे वर्षांची सत्ता होती. बंदरं त्यांची, व्यापार त्यांचा, जकातही त्यांचीच. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर. १२६५ च्या आसपास महादेव हत्तींची फौज घेऊन सह्याद्री उतरला. जमिनीवर सोमेश्वराचा निभाव लागला नाही. मग त्याने केलं काय, तर सरळ जहाजं गाठली. घाटावरचे हत्तीवाले पाण्यात थोडेच येणार, असा त्याचा हिशोब असावा. तो चुकला. महादेवाने त्याला समुद्रातही सोडलं नाही. सोमेश्वर बुडून मेला आणि उत्तर कोकण यादवांचं झालं.

ही लढाई दिसत कशी असेल? त्यासाठी मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला जायला हवं. तिथे माणसापेक्षा उंच वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. त्यातल्या एकावर चक्क आरमार आहे. टोकदार नाळेची पाच जहाजं, मधोमध डोलकाठी, एका बाजूला नऊ-नऊ वल्ही आणि वर उभे धनुर्धारी. दुसऱ्या पट्टीत जहाजं एकमेकांना भिडलीत आणि माणसं पाण्यात पडताहेत. सगळ्यात वर, स्वर्गात पोहोचलेला वीर शिवलिंगाची पूजा करतोय. काही अभ्यासक या शिळा महादेव-सोमेश्वर लढाईच्या मानतात, तर काहींच्या मते त्या त्याहून दोनेकशे वर्षं जुन्या आहेत. काहीही असो, तोफा येण्याआधी कोकणात जहाजावरून कसं लढत, ते इथे दगडात दिसतं.

आणि इथेच वायकिंग आठवतात. त्यांची जहाजं उथळ पाण्यातही चालत, म्हणून तर ८४५ मध्ये ते सीन नदीतून थेट पॅरिसपर्यंत घुसले. त्यांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या असत. आपल्या अरबी समुद्रातली बरीच जहाजं मात्र काथ्याच्या दोरीने शिवलेली. पण लढाईची रीत दोन्हीकडे सारखीच. आधी लांबून बाण मारायचे, समोरची माणसं कमी करायची, मग जहाजाला जहाज भिडवून हातघाई. विचार करा, पायाखालचं जहाज हलतंय आणि तुम्हाला नेम धरायचाय!

आता खरा मुद्दा. सोमेश्वराच्या पराभवाची हकिकत सांगतो कोण? हेमाद्री. त्याने आपल्या ग्रंथात यादवांची प्रशस्ती लिहिली. पोहण्यात तरबेज असलेला सोमेश्वरही महादेवाच्या हत्तींच्या मदाच्या पुरात बुडाला, असं तो रंगवून सांगतो. म्हणजे पगारही महादेवाचा आणि लेखणीही महादेवाची! काकतीय राणी रुद्रमादेवीबद्दलही तेच. हेमाद्रीच्या मते ती बाई म्हणून महादेवाने तिला सोडून दिलं. तेलुगू परंपरा सांगते की उलट तिनेच महादेवाला देवगिरीपर्यंत पिटाळलं. तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल?

१२७१ च्या सुमारास महादेव गेला आणि त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. आता तो पुतण्या रामचंद्र मोठा झाला होता. महानुभावांच्या साहित्यात गोष्ट आहे, ती अशी. रामचंद्राची माणसं नाटकवाल्यांच्या वेशात किल्ल्यात शिरली. आमण खेळ बघण्यात रंगला आणि तिथेच पकडला गेला. त्याचे डोळे काढण्यात आले. ज्या मुलासाठी महादेवाने एवढं राज्य वाढवलं, त्याच्या हातात ते काही महिनेही धड टिकलं नाही. आपल्या रामटेकच्या गडावर लक्ष्मणाच्या देवळात जो यादवकालीन शिलालेख आहे, तो याच रामचंद्राच्या काळातला. आणि १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा गादीवर हाच रामचंद्र होता.

राजाकडे लिहून घ्यायला हेमाद्री होता. वल्ही मारणाऱ्यांकडे आणि बाण सोडणाऱ्यांकडे कोणी नव्हतं. एकसरच्या वीरांची नावंसुद्धा आपल्यापर्यंत आली नाहीत, फक्त त्यांची जहाजं आली. म्हणून पुढच्या वेळी इतिहासाचं पान उघडाल, तेव्हा कोण जिंकलं याच्या आधी एक प्रश्न विचारा: हे लिहिलंय कोणी? आणि मुंबईला गेलात तर चौपाटी थोडी उशिरा करा, आधी एकसरला जाऊन या.