सर नॉर्मन लॉकियर

विजयदुर्गच्या किल्ल्यांत साहेबाच्या नांवानें जे चौथरे दाखवितात, त्यांतला साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकियर. हेलियम वायूचा शोध त्यांना तेथेंच लागला, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. ज्या वेधांतून तो शोध निघाला ते त्यांनीं इंग्लंडांत, स्वतःच्या दुर्बिणींतून आणि ग्रहण नसतांना घेतले. त्यांची खरी थोरवी यांतच आहे, असें आम्हांस वाटतें.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजीं रग्बी गांवीं झाला. एकविसाव्या वर्षीं ते लंडनच्या युद्धखात्यांत कारकून झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. दिवसा कचेरींत कागद लिहावे आणि फावल्या वेळीं आकाश पाहावें, असा त्यांचा क्रम असे. कुक यांच्या नामांकित कारखान्यांतील सव्वासहा इंच भिंगाची दुर्बीण त्यांनीं घेतली होती.

खग्रास ग्रहणांत चंद्राच्या काळ्या बिंबाभोंवतीं तांबड्या ज्वाला दिसतात. पाहावयास वेळ मिळतो तो थोड्या मिनिटांचा, आणि ढग आले कीं तोही गेला. एरव्हीं आकाशाचा उजेड त्यांना झांकून टाकतो. १८६६ मध्यें लॉकियर यांच्या मनांत आलें कीं, या ज्वाला तप्त वायूच्या असतील तर वर्णपटदर्शकानें त्या कोणत्याही दिवशीं दिसल्या पाहिजेत. लोलकांच्या रांगेंतून जातांना आकाशाचा पांढरा उजेड लांब पसरतो व फिका पडतो. तप्त वायूचा प्रकाश मात्र ठराविक रेषांतच एकवटलेला राहतो. जितके लोलक अधिक, तितकी रेषा उठून दिसावयाची.

परंतु सगळी मेख जोडणींत होती. दुर्बिणीचें नेत्रभिंग काढून त्या जागीं वर्णपटदर्शक बसवावयाचा. त्याची अरुंद फट अशा अंतरावर आणावयाची कीं, सूर्याचें बिंब नेमकें फटीच्या पत्र्यावर रेखीव पडेल. किंचित् मागेंपुढें झालें कीं बिंबाची कड पुसट होते आणि श्रम वायां जातात. लोलकांचें ओझें एका टोकास येतें, त्याचा तोलही संभाळावा लागतो. मग फट कडेच्या अगदीं बाहेर धरून, सूर्याच्या चालीबरोबर दुर्बीण सरकवीत राहावयाचें. (विद्यार्थ्यांनीं साध्या दुर्बिणीस डोळा लावून सूर्याकडे कधींही पाहूं नये; क्षणांत दृष्टि जाईल.)

जवळच्या लहान यंत्रानें ज्वाला दिसल्या नाहींत. मोठ्यासाठीं रॉयल सोसायटीमार्फत पैसा मिळाला, पण कारागिरांकडून यंत्र येईपर्यंत १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. मध्यंतरीं १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणांत फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनीं गुंतूर येथें त्या रेषा पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशीं ग्रहणावांचूनही पाहिल्या! लॉकियर यांना ती युक्ति कळलेली नव्हती. २० ऑक्टोबरला त्यांनींही रेषा पाहिल्या. दोघांचीं पत्रें पॅरिसच्या अकादमीच्या एकाच बैठकींत पोंचलीं. भांडण झालें नाहीं. फ्रेंच सरकारनें १८७२ मध्यें दोघांच्या मुद्रा असलेलें एकच पदक काढलें.

त्या रेषांत एक पिवळी होती. ती सोडियमच्या जोडरेषांजवळची, पण त्यांच्याशीं न जुळणारी. पृथ्वीवर अज्ञात अशा मूलद्रव्याची ती असावी, असें लॉकियर यांचें मत झालें, आणि सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्या द्रव्यास हेलियम हें नांव पडलें. रसायनज्ञांनीं बराच काळ विश्वास ठेविला नाहीं. १८९५ मध्यें रॅम्से यांना तोच वायु एका खनिजांत सांपडला. सत्तावीस वर्षें थांबणें सोपें नव्हे.

दरम्यान १८६९ मध्यें त्यांनीं 'नेचर' हें शास्त्रीय साप्ताहिक काढून पन्नास वर्षें चालविलें.

विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरील खलाशांस शिकवून त्यांनीं कामें वांटून दिलीं. या वेळीं छायाचित्रें घेणाऱ्या दुर्बिणींपुढें, वस्तुभिंगाच्याही अगोदर, लोलक बसविले होते. तेथें फट लागत नाहीं. सूर्याची उरलेली बारीक कोरच फटीचें काम करिते, आणि कांचेवर रेषांऐवजीं चंद्रकोरीसारख्या कमानी उमटतात.

१६ ऑगस्ट १९२० रोजीं ते वारले. ती सव्वासहा इंची दुर्बीण डेव्हन परगण्यांतील सिडमथच्या वेधशाळेंत जपून ठेविलेली आहे.