मल्लवीर खाशाबा जाधव

कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल. त्यामुळे आखाड्याच्या तांबड्या मातीशी खाशाबांची बालपणीच गट्टी जमली. देह ठेंगणा, परंतु चपळाई विलक्षण!

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मातीऐवजी गादी होती आणि नियमही अपरिचित होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. उणीव ओळखून त्यांनी मेहनत दुप्पट केली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मात्र प्रवासखर्चाची चिंता पडली. लोकांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले! या विश्वासाचे खाशाबांनी चीज केले. त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कऱ्हाडला बैलगाड्यांची भव्य मिरवणूक निघाली; पण खाशाबा सत्कारात रमले नाहीत. कुस्त्यांतून पैसा उभारून त्यांनी गुरुजनांचे घर सोडविले.

पुढे पोलीस खात्यात सेवा करून निवृत्त झालेल्या या मल्लाचे १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच लाभला. बाहुबलाइतकीच कृतज्ञताही ज्याने जोपासली, तोच खरा मल्ल!