थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्स देशातील दोल या गावी झाला. त्यांचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लहानपणी लुई छान चित्रे काढायचे. पुढे ते पॅरिसला शिकले व रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या वेळी फ्रान्समध्ये फाशी या रोगाने फार मेंढ्या मरत. आमच्याकडेही मेंढ्या आहेत. एक मेंढी मेली तरी घरात कोणी नीट जेवत नाही. पाश्चर यांनी या रोगावर लस काढली, पण पुष्कळांचा विश्वास बसेना. म्हणून १८८१ साली पुई-ल-फोर या खेड्यात त्यांनी सर्वांसमक्ष प्रयोग केला.

२४ मेंढ्या व १ शेळी यांना मे महिन्यात दोनदा लस टोचली. दुसऱ्या तितक्याच मेंढ्यांना व एका शेळीला लस दिलीच नाही. मग ३१ मे रोजी सगळ्यांनाच रोगाचे जंतू टोचले. कोणत्या मरतील व कोणत्या जगतील, हे पाश्चर यांनी आधीच सांगून ठेवले होते. २ जूनला बघायला ही गर्दी जमली! लस दिलेल्या सर्व जिवंत होत्या. लस न दिलेल्या बहुतेक मरून पडल्या होत्या. उरलेल्या दोन-तीन त्याच दिवशी मेल्या.

मी गुरुजींना विचारले, दुसऱ्या मेंढ्या बिनलशीच्या कशाला ठेवल्या? त्या बिचाऱ्या उगीच मेल्या. गुरुजींनी समजावून सांगितले. नुसत्या लस दिलेल्याच ठेवल्या असत्या व त्या जगल्या असत्या, तर लोक म्हणाले असते की जंतूच कमजोर होते. दोन्हीकडे सगळे सारखे ठेवायचे, एकच गोष्ट वेगळी करायची आणि मग काय होते ते बघायचे. याला प्रयोग म्हणतात. आमच्या वाडीत एकाने आजारी बैलाला झाडपाला चारला आणि बैल बरा झाला. पण तो पाल्याने बरा झाला की आपला आपण, हे कसे कळणार?

१८८५ साली जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला पिसाळलेले कुत्रे चावले. पाश्चर यांनी नवी लस आधी कुत्र्यांवर तपासली होती. ती जोसेफला टोचली आणि तो वाचला. तो माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान होता. इथे मात्र बिनलशीचा दुसरा मुलगा ठेवला नव्हता. माणसाच्या लेकराला असे कोण ठेवील? पण चावलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. म्हणून एका मुलावरून खात्री होत नाही. १८८६ च्या मार्चपर्यंत ३५० जणांना लस दिली, त्यांतला एकच रोगी दगावला. तेव्हा लोकांना भरवसा आला.

आजही कुत्रे चावले तर जखम साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी व लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. त्यांना माझे वंदन. आणि त्या बिनलशीच्या २४ मेंढ्यांना व शेळीलाही.

– इयत्ता चौथी